पाच बोटांत मावणारं गाणं

नांदुरा, ३ ऑगस्ट १९१९, रविवार

पेटी घरात आली. लिलावात बोली थांबली सव्वाशे रुपयांवर, आणि गावात मी तेवढीच किंमत सांगतो. खरा हिशेब वेगळा आहे. खामगावहून आणायला दोन बंड्या लागल्या, कारण पहिलीचा आख जलंबच्या अलीकडे मोडला. ओसरीच्या दाराची सागवानी चौकट काढावी लागली. ती वडनेरच्या सुतारानं बसवलेली, तो आता हयात नाही, म्हणजे तशी परत बसणार नाही. एका हमालाचा अंगठा चेचला, तो बरा होईपर्यंत त्याची मजुरी माझ्याकडे. आणि रुखमा कालपासून माझ्याशी बोललेली नाही. ही शेवटची रक्कम कुठे धरावी समजत नाही, कारण ती त्याआधी तरी कुठे बोलत होती?

ही इंग्रजी पेटी, पियानो म्हणतात तिला, कापूस कंपनीच्या गोऱ्या साहेबाच्या बंगल्यातली. साहेब विलायतेला परत गेला, सामान लिलावात निघालं. दोन वर्षांपूर्वी सौद्यासाठी त्याच्याकडे गेलो तेव्हा कोकिळेला बंडीत सोबत नेलं होतं. आम्ही व्हरांड्यात रुईचे नमुने बघत होतो, तेवढ्यात आतून एक सूर आला. एकच. मी आत गेलो तर पोरगी या पेटीपुढे दोन्ही हात पाठीमागे लपवून उभी. घरी येईपर्यंत वाटेभर एक शब्द बोलली नाही, इतकी हरखली होती. तेव्हाच मी मनात धरलं होतं की ही पेटी एक दिवस हिच्यासाठी घ्यायची.

घेतली. पण गेल्या अश्विनात मानमोडीच्या साथीत कोकिळा गेली. नऊ वर्षांची होती. तिच्या आधीची तिघं पाळण्यातच गेली होती, तिच्यावर आमचा सगळा भरवसा होता.

५ ऑगस्ट

अर्जुनराव येऊन पेटी बघून गेला. तो माझा अडतीतला जुना जोडीदार, त्याला बोलायला मुभा आहे. पेटीभोवती प्रदक्षिणा घालून म्हणाला, "इंद्रभानजी, नाटक मंडळी काढून राह्यले काय?"

मी म्हटलं, "हाव. पहिला विदूषक शोधत होतो, तो पायानं चालत घरी आला."

"पण वाजवन कोण?"

"मी."

तो हसता हसता थांबला. माझ्या बोटांकडे पाहिलं. ही बोटं वडनेर भोलजीहून आली तेव्हा नांदुऱ्याच्या बाजारात गाठींना हूक लावून ओढत होती. मग माप धरलं, मग अडत, आणि आता अर्धा जिनिंग कारखाना माझा आहे. शाळा चौथीपर्यंत. बाकी जे कमावलं ते कानांवर. सरकी दाताखाली फोडली की आवाजावरून कपाशीची ओल सांगतो. कारखान्यात कोणत्या जिनाच्या रुळाचं चामडं झिजलं ते फाटकातून आत शिरताना कळतं, मिस्त्रीला मागाहून. आणि एकदा कानात गेलेला माणसाचा आवाज मी मरेपर्यंत विसरत नाही. दहा वर्षांनी कोणी अंधारात खाकरला तरी नाव घेऊन सांगीन.

म्हणून तर हा खटाटोप. कोकिळेचा फोटो आम्ही काढला नव्हता. पुढे लग्नात काढू म्हटलं होतं. तिचा आवाज तेवढा राहिला आहे, माझ्या कानात आणि रुखमाच्या. रुखमा तर बोलत नाही. म्हणजे सगळी ठेव एका जागी, आणि ती जागा सेहेचाळीस वर्षांची. व्यापारी माणूस ठेव अशी ठेवत नाही. डोळे मिटले की पोरगी अजून जशीच्या तशी ऐकू येते, तोवरच तिचं गाणं या पेटीत उतरवून ठेवायचं.

आणि कोजागिरीला रुखमाला समोर बसवून ते वाजवायचं. तोपर्यंत वर्षश्राद्ध झालेलं असेल, घरात सण करायला हरकत नसेल, आणि पोरींच्या महिनाभर चालणाऱ्या भुलाबाईचा तो शेवटचा दिवस. भुलाबाईची गाणीच तर कोकिळा गायची. ती ऐकून बाई एकदा रडली तरी पुरे. वर्ष होत आलं, मी तिला रडताना पाहिलेलं नाही. पूर्वी मी तिला "कोकिळेची माय" अशी हाक मारायचो. आता कशी मारावी ते ठरत नाही, म्हणून नुसता खाकरतो.

१० ऑगस्ट

मास्तर मिळाला, तो बाईमाणूस निघाला. स्टेशनावरच्या तारमास्तरांची बायको. वसईकडची किरिस्ताव, लहानपणी त्यांच्या देवळात पेटी वाजवायची. नवऱ्याला घेऊन आली. तो ओट्यावर पान खात बसला, बाई आत आली. झाकण उघडून या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा बोटं फिरवली आणि म्हणाली, "प्रवासात सुराला उतरलीय. पण मेलेली नाही."

मला बाई आवडली. माल बघून एका वाक्यात सांगणारा माणूस बाजारात सुद्धा विरळा.

रुखमानं चहा दिला. बाईंचा कप वेगळा, धुऊन बाहेरच्या कोनाड्यात ठेवायचा. बाईंनी ते पाहिलं आणि कप स्वतःच धुऊन तिथे ठेवला.

१७ ऑगस्ट

आज पहिलं गाणं निवडायचं होतं. बाईंनी तीन आणली. एक त्यांच्या शिकवणीच्या पुस्तकातला पहिला धडा, तीन सुरांचा, वर बदकाचं चित्र. दुसरं देवळातलं, बैलगाडीच्या चालीनं जाणारं. तिसरी त्यांच्या आजीची पाळण्याची चाल. तिन्ही त्यांनी वाजवून दाखवली. म्हणाल्या, "तिन्ही पाच बोटांत मावतात. हात जागचा हलवायचा नाही. नवशिक्यानं आधी हेच बघावं, की गाणं हातात मावतं का."

मी तिन्हींकडे नमुने बघावे तसं बघितलं. म्हटलं, "बाई, हे बदक तर पोरांचं आहे."

"पोरांचंच. या पेटीपुढे तुम्ही पोरच आहात, शेठ."

ओट्यावरून तारमास्तर हसल्याचं ऐकू आलं.

मी म्हटलं, "असल्या धड्यांत वेळ घालवायचा नाही मला. माझं गाणं ठरलेलं आहे." आणि कोकिळेचं गाणं मी त्यांना म्हणून दाखवलं. माझा गळा बेताचा आहे, पण सूर जागच्या जागी पडतात. भुलाबाई सासरी निघाली, वेशीवर तिची चोळी बाभळीला अडकली, बाभूळ सोडत नाही, असं ते आहे. ओळ दरवेळी वर चढते आणि शेवटी एकदम खाली येऊन बसते. कोकिळा त्या उतरणीवर आवाज असा मोकळा सोडायची की ओट्यावर बसलेली गिऱ्हाइकं बोलायची थांबत.

बाईंनी एका बोटानं ते शोधून काढलं. "मावतंय की. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, नेमके पाच सूर." माप काट्यावर बरोबर उतरावं तसा मला आनंद झाला. मग त्यांनी विचारलं, "कोणाचं गाणं हे?"

"माझ्या लेकीचं."

बाईंनी हात मांडीवर घेतला. स्टेशनावर सगळ्यांना सगळं ठाऊक असतं. म्हणाल्या, "शेठ, राग मानू नका. पहिलं शिकायला असं घ्यावं की ते बिघडलं तरी आपलं काही जाणार नाही. शिकणं म्हणजे शंभर वेळा मोडणं. ज्याच्यावर जीव आहे ते मोडत बसलं की मूळचं कानातून निघून जातं. माझ्या आईची एक चाल मी अशीच घालवली. आता ती आठवते ती माझ्याच चुकांसकट."

मी म्हटलं, "बाई, ज्यात काही जात नाही त्यात काही येतही नाही. मी धंदा असाच केला."

"हा धंदा नाही, शेठ."

"आणि माझ्या कानातून काही जात नाही."

त्यांनी बदक मिटून पिशवीत घातलं.

१९ ऑगस्ट

पहिल्या ओळीचे सूर ओळीनं वाजले. एक चूक, पण चाल ओळखू येईल अशी. रुखमा दळणाची परात घेऊन दारात थांबली. थांबली म्हणजे खरोखर थांबली, गेले कित्येक महिने ती चालता चालता कशासाठी थांबलेली मी पाहिली नाही.

"हे काऊन?" म्हणाली.

मी म्हटलं, "कोकिळेचं हाये. ओळखलं नाही?"

ती माझ्याकडे बघत राहिली. काही बोलेल असं वाटलं. मग परात सावरून आत गेली. डोळे भरून आले असणार, म्हणून गेली.

२८ ऑगस्ट

तीन बोटं ऐकतात, अनामिका आणि करंगळी एकमेकींची साथ सोडत नाहीत. बाई म्हणतात सगळ्यांचं असंच असतं. माझं म्हणणं, गाठी ओढताना याच दोघींना हुकात अडकवायचो, त्यांची जोडी तिथे जमली.

हंगाम नाही, कारखाना बंद आहे, म्हणून सकाळ-दुपार बसतो. पावसाळी हवेनं एक पट्टी दाबली की वर यायला वेळ घेते, नेमकी उतरणीवरची. तिथे दरवेळी अडखळतो.

३ सप्टेंबर

काही नाही. उतरणीवरच अडकलो आहे.

९ सप्टेंबर, भाद्रपदी पौर्णिमा

आज घरोघर भुलाबाई बसल्या. आमच्याकडे यंदा नाही. शेजारी निवृत्ती माळ्याकडे ज्वारीच्या धांड्यांचा मखर केला आहे, संध्याकाळी पोरींच्या टिपऱ्या सुरू झाल्या. आता महिनाभर रोज एकेका घरी गाणी, आणि शेवटी डब्यात झाकलेला खाऊ हलवून दाखवायचा, आवाजावरून पोरींनी ओळखायचा.

गेली तीन वर्षं आमच्या ओसरीत पोरी बसायच्या तेव्हा मी बाहेर ओट्यावर अर्जुनरावासोबत सौद्याचं बोलत असायचो. अश्विनात नव्या कपाशीची बोलणी असतात, आत जायला फुरसत कुठली. पण कान आत असायचा. सगळ्या पोरींच्या वर एक आवाज चढायचा, स्वच्छ, नव्या पितळी घंटीसारखा. मी अर्जुनरावाला थांबवायचो, "ऐक, माही कोकिळा गाऊन राह्यली." गिऱ्हाइकांनाही सांगायचो. तिचं नाव मीच ठेवलं होतं, बाळंतिणीच्या खोलीबाहेर तिचं पहिलं रडणं ऐकून. दाईला तिथेच म्हटलं होतं, ही गाणारी होणार.

११ सप्टेंबर

खिडकी उघडी ठेवून वाजवत होतो. उतरणीपर्यंत आलो, आणि तिथे बाहेरून कोणी तरी आवाज सोडला. माझा हात जागीच राहिला. अगदी तीच. तीच मोकळीक, तसंच खाली येऊन बसणं.

बाहेर बघितलं तर निवृत्तीची गोजर कुंपणाच्या भिंतीवर पाय सोडून बसलेली, मांडीवर मेथीच्या जुड्या. दहा-अकरा वर्षांची असेल, कोकिळेची मैत्रीण.

मी म्हटलं, "कोणं शिकवलं वं तुले हे?"

"कोणं नाही. माहंच हाये थे."

"तुह्यं कसं?"

"मीच म्हणतो ना थे." असं म्हणून पुन्हा म्हणून दाखवलं.

पोरांचं असंच असतं, जे ऐकलं ते त्यांचं. पण कोकिळेनं तिच्यात काय पुरतं उतरवून ठेवलं आहे! श्वास कुठे घ्यायचा ते सुद्धा. मी तिला रोज या वेळी भिंतीवर येऊन म्हणायला सांगितलं आणि मूठभर खारे फुटाणे दिले. म्हणजे आता मूळ नमुना समोर ठेवून माल तयार करता येईल.

१४ सप्टेंबर

बाईंना गोजरेचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग आता पेटी कशाला हवी?" हे त्यांचं चुकलं. गोजर उद्या लग्न होऊन जाईल. पेटी कुठे जात नाही.

एक गंमत लिहून ठेवतो. हल्ली डोळे मिटले की आधी पेटीचे सूर येतात आणि मागून पोरगी. पूर्वी ती थेट यायची. याचा अर्थ गाणं पेटीनं धरलं. मेहनत फुकट गेलेली नाही.

२१ सप्टेंबर

आज शिकवणीनंतर बाई निघाल्या त्या ओट्याकडे न जाता स्वयंपाकघराकडे वळल्या. मी पेटी पुसत होतो. आत बोलणं चाललं होतं, आणि त्यातला एक आवाज रुखमाचा होता. लांबलचक बोलत होती. मला शब्द लागले नाहीत, कारण तारमास्तरांनी नेमकं त्याच वेळी भुसावळच्या बदलीची कथा सुरू केली.

बाई बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल होते. मला म्हणाल्या, "शेठ, अजून वेळ आहे. दुसरं गाणं घ्या. पाळण्याचं घ्या, कोजागिरीपर्यंत होईल."

मी म्हटलं, "हातातोंडाशी आलेलं सोडायला सांगता?"

"तुमच्या बायकोला एकदा विचारा तरी."

"तिच्यासाठीच तर करतो आहे. विचारलं की नाही म्हणेल. ती तिच्या कपड्यालासुद्धा नाहीच म्हणते."

आणखी एक पाहिलं. बाईंचा कप आज कोनाड्यात नव्हता, घरच्या कपबशांत होता. रुखमाचं लक्ष कशात राहत नाही, त्याचाच हा प्रकार.

२ ऑक्टोबर

वर्षश्राद्ध झालं. भटजींनी नाव विचारलं. रुखमानं सांगितलं.

७ ऑक्टोबर

गाणं बसलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, उतरणीसकट. ती अडकणारी पट्टी बाईंनी आतून मोकळी करून दिली. संध्याकाळी ओळीनं चार वेळा बिनचूक. उद्या भुलाबाई आमच्याकडे. अर्जुनरावाला, त्याच्या सरस्वतीबाईंना, निवृत्तीच्या घरच्यांना, तारमास्तरांना, सगळ्यांना सांगितलं आहे. रुखमाला म्हटलं, उद्या पोरी येतील. ती म्हणाली, "येऊ द्या. खाऊ करतो." लागलीच तिळाचा डबा काढला.

८ ऑक्टोबर, कोजागिरी

सगळं नीट झालं. ओसरी भरली होती. कोनाड्यात भुलाबाई आणि भुलोजी. पोरी गोल करून बसल्या. रुखमानं कोकिळेच्या टिपऱ्या आतून आणून गोजरेच्या हातात दिल्या. मी म्हटलं नव्हतं, तिनं स्वतःहून दिल्या. पोरींची दोन-चार गाणी झाली, मग मी पेटीपुढे बसलो. पहिल्या ओळीनंतर बोटांना वाट ठाऊक झाली. दुसऱ्या फेरीला गोजरेनं सोबत धरली. उतरण आली आणि ती आणि पेटी एकत्र खाली येऊन बसल्या. अर्जुनरावानं पागोट्याच्या टोकानं डोळे पुसले. म्हणाला, "इंद्रभान, थेच बे. ओट्यावर ऐकत होतो थेच." निवृत्ती मान खाली घालून बसला होता, त्याला फार लागलेलं दिसलं.

मी रुखमाकडे बघितलं. ती खाऊचा डबा हातात घेऊन उभी होती. रडली नाही. सरस्वतीबाई तिला "कोकिळेच्या माय, डबा हालवा आता," म्हणाल्या, तेव्हा तिनं डबा हलवला आणि पोरी ओरडू लागल्या, शेंगदाणे, रेवड्या, लाही. तेवढ्यात तिनं तोंड फिरवलं आणि डबा सरस्वतीबाईंच्या हातात देऊन आत गेली. म्हणजे लागलं तिला. गाण्याचा परिणाम जरा उशिरा झाला, इतकंच.

९ ऑक्टोबर

जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

सकाळी रुखमा चहा घेऊन ओसरीत आली. वर्षभरात पहिल्यांदा माझ्याजवळ येऊन बसली, उंबऱ्यावर.

"चांगलं वाजवलं तुमी," म्हणाली.

"तिचं जसंच्या तसं आलं ना?"

"थे गोजरेचं हाये."

मी म्हटलं, "गोजरेले कोकिळेनं शिकवलं."

"नाही. कोकिळा गातच नव्हती."

मला हसू आलं. म्हटलं, "अवं, मी तीन वर्षं ओट्यावर बसून ऐकलं. अर्जुनराव साक्षी हाये."

"तुमी ओट्यावर होते. मी अंदर होती."

मग तिनं सांगितलं. ज्वारी मोजून द्यावी तसं, न थांबता, माझ्याकडे न बघता. कोकिळा गोलाच्या शेवटी बसायची. टिपऱ्या धरायची, तोंड मिटलेलं. तिचा गळा घोगरा होता. पहिल्या वर्षी एकदा गायली, आणि त्या दिवशी आईला म्हणाली, "माय, माहा सूर खोटा लागते. दुसऱ्या पोरींले समजत नाही, मले ऐकू येते." तेव्हापासून गायली नाही.

"कान तुमचे होते तिले," रुखमा म्हणाली. "खाऊचा डबा मी एकदा हालवला की तिले समजे अंदर काय हाये. लाही का मुरमुरे, थे सुद्धा समजे. पण सांगे नाही. चूप बसे. म्हणे, मी सांगितलं त पोरींचा खेळ मोडन. काल डबा हालवला, आन थे आठवलं मले."

मी चहा खाली ठेवला. विचारलं, "मले काऊन नाही सांगितलं?"

"तुमी खूश होते."

"म्हणून तीन वर्षं?"

"तीच म्हणे, नको सांगू." रुखमानं पदर तोंडाशी नेला, पुन्हा खाली घेतला. "तुमी ओट्यावर लोकाईले सांगत होते, माही कोकिळा गाऊन राह्यली. थे तिनं ऐकलं. दुसऱ्या दिवशी गोजरेच्या बाजूले जाऊन बसली, आन तिले म्हणे, जोरानं म्हण वं, माह्या बाबाले आवडते."

बाहेर निवृत्तीच्या मोटेचा आवाज येत होता. मी तो ऐकत राहिलो.

मग मी विचारलं, कोकिळा कधीच काही म्हणत नव्हती का. रुखमा म्हणाली, म्हणायची. वेणी घालून घेताना, पाठ आईकडे करून. हळू, स्वतःशी. कसली तरी तिचीच चाल होती.

मी म्हटलं, "मले दाखव. एक डाव."

"नाही."

"काऊन?"

"तुमी थे पेटीवर घेसान. रोज मोडसान. मंग थे पेटीचं होईन." ती उठली. "माह्यापाशी तेवढंच हाये."

कप घेऊन आत गेली. दारात वळून म्हणाली, "तुमच्यावर राग नाही माहा." आणि मग आत ती रडली. मला ओसरीत ऐकू येत होतं. ज्यासाठी एवढं सगळं केलं ते झालं, आणि मला आत जाता आलं नाही.

१० ऑक्टोबर

गोजर भिंतीवर येऊन बसली होती, फुटाण्यांसाठी. दिले. गाऊ नको म्हटलं. विचारू की नको करत शेवटी विचारलं, "कोकिळा तुले जोरानं म्हणाले सांगे काय वं?"

"हाव. ढोसत जाये मले टिपरीनं." आणि हसली. मग म्हणाली, "काका, मी आता नाही म्हणू काय कधीच?"

तिचा त्यात काय दोष? म्हटलं, "म्हण बेटा. घरी म्हण."

१२ ऑक्टोबर, रविवार

बाई आल्या. मी म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं."

"तुमच्या बायकोनं सांगितलं होतं. तिनंच नको म्हटलं तुम्हाला सांगायला. म्हणाली, कोजागिरी होऊ द्या, त्यांनी फार मेहनत केली आहे."

मी म्हटलं, "ते बदकाचं काढा."

त्यांनी पुस्तक उघडून समोर ठेवलं. तीन सूर, वर आणि खाली. यात माझं कोणी नाही, कितीही मोडलं तरी चालतं. रुखमा मधे एकदा दारात येऊन उभी राहिली, चित्राकडे बघितलं, गेली.

गेले तीन दिवस मी सकाळी ओसरीत डोळे मिटून बसतो. गाणं नको, ते तिचं नव्हतंच. पण रोज दुपारी ती ओट्यावर यायची आणि म्हणायची, "बाबा, जेवाले चला." हे तर तिनंच म्हटलेलं आहे, गिऱ्हाइकांसमोर, माझ्या तोंडावर, इतकी वर्षं. यात दुसरं कोणी नव्हतं. ते तेवढं ऐकायला बसतो. घोगरा गळा होता म्हणतात, तसा लावून बघतो. शब्द बरोबर येतात. आवाज गोजरेचा येतो.